ढोलकी हळू वाजवली तरी 'मोठा आवाज' म्हणणाऱ्या मुलाबद्दल

तुमचा चार वर्षांचा मुलगा ढोलकी कितीही हळू वाजवली तरी 'मोठा आवाज' म्हणतो आणि घंटी जोरात बडवली तरी 'लहान', हे वाचून माझा बालवाडीचा वर्ग आठवला. पोरगं शहाणं आहे हो. त्याच्याकडून आवाजाऐवजी वस्तू पाठ करून घेतल्या असणार, असा माझा अंदाज.

आमच्याकडे हा उद्योग वरच्या कार्यालयाने केला. नाव लिहीत नाही. तिथून चित्रांचे तक्ते आले: विमान, सिंह, ढोल म्हणजे मोठा, फुलपाखरू, मांजर, घुंगरू म्हणजे लहान. रोज एक पान भरून घ्यायचं आणि तपासणीला दाखवायचं. रुळालगतच्या वस्तीतल्या एका मुलीने आगगाडीपुढे 'लहान'ची खूण केली. का गं, विचारलं तर म्हणाली, "लांब गेल्यावर लहानच येतो ना!" चोख उत्तर. तपासणीला आलेल्या बाईंनी फुली मारून शेरा दिला, 'संकल्पना स्पष्ट नाही'. मी लेखी कळवलं, तर उत्तर आलं की तक्ते मंजूर झालेले आहेत, बदल होणार नाही. सगळं सत्र पानं भरण्यात गेलं, वाद्यं कपाटात. फुलपाखराचा आवाज त्या साहेबांनी कुठे ऐकला होता, देव जाणे.

म्हणून माझा हट्ट असा: वस्तू एकच ठेवा, बदलायचा तो फक्त जोर. डब्याच्या तोंडावर फुगा ताणून बसवा, वर चिमूटभर रवा टाका आणि कडेला बोटाने टिचकी मारा. हळू मारली तर रवा थरथरतो, जोरात मारली तर उडतो. (चांगल्या ढोलकीवर हे करू नका, रवा वादीत अडकतो.) मग ढोलकी घ्या. धुम (जाड आवाजाची बाजू) आणि चाटी (बारीक आवाजाची) दोन्ही आधी हळू, मग जोरात. जाड आवाज हळू असू शकतो आणि बारीक आवाज कानठळ्या बसवू शकतो, हे त्याला इथे कळेल. शिकवण्या-सांगण्याची गरज नाही, वाजवू द्या.

'हळू बोल' म्हटलं की मुलं कुजबुजतात. कुजबुजताना स्वरपट्ट्या कंप पावत नाहीत, त्यामुळे गळ्यावर हात ठेवला तर काही जाणवत नाही. हळू बोलताना मात्र गुणगुण लागते. हात ठेवून बघायला मुलांना फार आवडतं. चिंचोका लपवून, जवळ आलं की टाळ्या जोरात, हा खेळही घ्या. मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. प्रत्येक फोन वेगळा आकडा दाखवतो.

मी डॉक्टर नाही, तरी एक सांगते. सर्दी-पडशानंतर तो टीव्ही मोठा करत असेल किंवा पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर हे खेळ बाजूला ठेवून आधी कान दाखवा. पडद्यामागे पाणी साचून काही काळ कमी ऐकू येणं या वयात नेहमीचं आहे. नुसतं कानात बॅटरी मारून पाठवलं तर ऐकण्याची तपासणीही करून मागा.