रग्बी युनियनचा व्यावसायिक खेळाडू किती वर्षं टिकतो? मुलगा 16 वर्षांचा, अंगाने जाड, प्रशिक्षक 'प्रॉप हो' म्हणतात. प्रॉप म्हणजे नुसता धक्काच ना?

टिकण्याचं आधी उरकतो. करार बहुधा एक ते तीन वर्षांचे आणि तिशीच्या आसपास बहुतेकांचा बाजार उठतो. विंगरचे, म्हणजे कडेने पळणाऱ्याचे पाय जड झाले की संपलं. प्रॉप, म्हणजे पुढच्या रांगेत रेटणारा, तिशीत कुठे मुरायला लागतो. जेसन लेनर्ड 1990 ते 2004 इंग्लंडकडून 114 आंतरराष्ट्रीय सामने खेळला, प्रॉप म्हणूनच.

आता 'नुसता धक्का'. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण डोकी अडकवून एकमेकांना रेटतात, चेंडू मधे टाकतात. पुढच्या रांगेत मध्ये हुकर, त्याच्या डावीकडचा प्रॉप लूझहेड, उजवीकडचा टाइटहेड. मी तीन नंबर, टाइटहेड. आठ हंगाम पगार घेऊन खेळलो. शेवटच्या हंगामात एका सामन्यात आम्ही दोन गुणांनी पुढे, तीन मिनिटं बाकी, आमच्याच गोललाइनपासून पाच मीटरवर स्क्रम, चेंडू आमचा. समोरच्या लूझहेडने माझ्या पाठीवरची किंवा कुशीवरची जर्सी धरायची असते. बाही धरणं नियमाबाहेर. रेफरीने 'बाइंड' (पकडा) म्हणताच त्याने माझ्या उजव्या दंडावरची बाही मुठीत घेतली आणि 'सेट'ला (भिडा) सरळ खाली ओढली. माझं डोकं त्यांच्या लूझहेड आणि हुकरच्या मध्ये अडकलेलं, मागून लॉकचा, म्हणजे दुसऱ्या रांगेतल्याचा रेटा. नाकात गवत गेलं. चेंडू आमचा, तो डावीकडून टाकतात, म्हणून रेफरी डावीकडे, आमच्या लूझहेडच्या अंगाला. माझी बाजू त्याला दिसणार कशी? पेनल्टी त्यांना. म्हणे तीन नंबरने स्क्रम पाडला. तीन गुण, सामना गेला.

त्यावर आमचाच हुकर ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "तू गुडघा टेकलास." अरे, तुझे दोन्ही हात दोन प्रॉपच्या अंगावर, नजर चेंडूवर, तुला माझा गुडघा दिसला? टेकला, पण बाही ओढल्यावर! इतक्या वर्षांनी भेटला तरी पहिलं वाक्य तेच. हंगामानंतर माझा करार वाढला नाही. क्लबने मानेचं कारण दिलं, आणि ते खोटंही नव्हतं. आजही मागे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं.

तर मुलाला खुशाल टाइटहेड होऊ द्या. चांगला तीन नंबर सहज मिळत नाही, म्हणून क्लब त्याला जपतात. धक्का नंतर शिकू दे, आधी पकड. समोरच्याची मूठ बाहीवर आली की त्याच क्षणी रेफरीला ओरडून सांगायचं, मी गप्प राहिलो तसं नाही. आणि हुकरच्या साक्षीवर विसंबायचं नाही.

हो, शिक्षण मात्र सोडू देऊ नका. 2022 मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, 2023 मध्ये लंडन आयरिश हे क्लब पैशांअभावी कोसळले. तिथली पोरं फॉर्मात असूनही बेकार झाली. आणि डोक्याला मार बसला तर 'काही नाही झालं' म्हणत मैदानावर थांबायचं नाही, तपासणीला बाहेर यायचंच. स्टीव्ह थॉम्प्सन 2003 चा विश्वविजेता. चाळिशी ओलांडताच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आणि तो विश्वचषक जिंकल्याचंच त्याला आठवत नाही. तोही हुकर. ते वाचलं तेव्हा आमच्यावाल्याला मी फोन केला होता, सहज, बराय ना म्हणून.

बरा होता. गुडघ्याचं त्याला लख्ख आठवत होतं. व्हिडिओ आहे माझ्याकडे, पण कॅमेराही नेमका डावीकडेच होता.