समीर, आधी पोराची इयत्ता बघ

समीर,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. पुण्याच्या कंपनीतून जर्मनीला जायची संधी आलीय, मस्कतहूनही बोलावणं आहे. स्नेहल कुडाळला नर्स, मुलगा दुसरीत, मुलगी तीन वर्षांची, काकी मालवणात घरी एकट्या, वर कलमांची बाग. सगळ्यांना घेऊन जाऊ का आणि गेलो तर कुठल्या शहरात राहू, असं तुझं विचारणं.

मस्कतचं आधी उरकतो. चार पैसे गाठीला बांधून परत यायचं पक्कं असेल तर मस्कतच बरं. घड्याळ दीड तासच मागे, काही झालं तर त्याच दिवशी घरी पोचशील. खेड-दापोलीकडची कितीतरी घरं आखाताच्या पैशावर उभी आहेत, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पण तिथला मुक्काम नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की बिऱ्हाड आवरायचं, मग पोर दहावीत असो की बारावीत.

आता जर्मनी. तू पगार विचारलास, भाडं विचारलंस, थंडी विचारलीस. पोराच्या शाळेबद्दल एक अक्षर नाही. मीही आठ वर्षांपूर्वी इथे हांबुर्गला येताना हेच केलं होतं, म्हणून सांगतो.

इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. विद्यापीठाकडे थेट नेणारी शाळा म्हणजे गिम्नाझियम. म्युनिक ज्या बायर्न राज्यात आहे तिथे त्यासाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली लागते. इथे 1 म्हणजे उत्तम आणि 6 म्हणजे नापास, आपल्या उलट. तुझा मुलगा तिसरीत तिथे पोचला, तर परकी भाषा शिकून त्याच भाषेत हे मार्क मिळवायला त्याच्या हातात जेमतेम दीड वर्ष. हांबुर्गमध्ये चौथीनंतर गिम्नाझियमला घालायचं की नाही हे आईबाप ठरवतात, आणि नाही घातलं तरी दुसऱ्या प्रकारच्या शाळेतून, एक वर्ष जास्त घेऊन, गिम्नाझियमचीच शेवटची परीक्षा देता येते. बर्लिनमध्ये तर प्राथमिक शाळाच सहावीपर्यंत. म्युनिकचा पगार जास्त असेलही, पण तुझ्या घरासाठी मी हांबुर्ग किंवा बर्लिनच म्हणेन.

आमची थोरली नऊ वर्षांची असताना आलो. सहा महिने ती वर्गात तोंडच उघडेना. धाकटा चार वर्षांचा, तो बालवाडीत तीन महिन्यांत जर्मनमधून भांडायला लागला. तुझ्या मुलीची मला काळजी नाही. शिवाय हांबुर्गमध्ये बालवाडीचे दिवसाचे पाच तास फुकट असतात.

(हांबुर्ग मी का निवडलं, तर बंदर आहे म्हणजे समुद्र असणार म्हणून. समुद्र निघाला शंभर किलोमीटरवर! इथे आहे ती नदी. आई अजून हसते.)

स्नेहलला तू ‘तिचं नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवलंयस, ते मला पटलं नाही. इथे नर्स हव्यात, अगदी हव्यातच. तिच्या शिक्षणाला मान्यता मिळवावी लागते आणि त्यासाठी जर्मन साधारण बी-टू पातळीचं, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येईल इतपत, लागतं. ते इथे येऊन, दोन पोरं सांभाळून, हिवाळ्यात चार वाजता पडणाऱ्या अंधारात शिकायचं म्हणजे कठीण. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनच्या परीक्षा तिकडूनच देऊ दे. वर्षभर उशीर झाला तर होऊ दे. ती कमवायला लागेपर्यंत सरकारी आरोग्य विम्यात ती आणि मुलं तुझ्याच हप्त्यात धरली जातात, तेवढी सोय आहे.

घर घेताना एक विचार: स्वयंपाकघर आहे का? हसू नकोस. इथे पुष्कळ फ्लॅट ओट्याशिवाय, सिंकशिवाय भाड्याने देतात. आम्ही चावी घेऊन आत गेलो तर चार भिंती आणि भिंतीतून आलेला एक पाइप. पंधरा दिवस बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले. अनामत म्हणून मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागतात, ते पैसे वेगळे काढून ठेव.

आता बाग. परदेशात स्थायिक झालास की शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती ठेवता येते, वारसाने आली तरी चालते, पण विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. काका जाऊन तीन वर्षं झाली, सातबाऱ्यावर तुझं नाव चढलंय का? नसेल तर तिकीट काढायच्या आधी तलाठ्याकडे जाऊन वारस नोंद कर. इथून कुलमुखत्यारपत्र करायचं म्हणजे वकिलातीत खेटे घालायचे, मग तो कागद तिकडे पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा. आणि पुढे जर्मन पासपोर्ट घ्यायची वेळ आली तर जर्मनी दोन्ही ठेवू देते, भारत देत नाही.

काकींना ‘दोन वर्षांत परत येतो’ असं सांगू नकोस. मी सांगितलं होतं. आई अजून फोनवर म्हणते, “दोन वर्सांत येतंय म्हणालेलंस मां?” गणपतीला दरवर्षी येईन असंही सांगू नकोस. इथे शाळा चालू असताना मुलांना परस्पर उचलून आणलं तर दंड होतो. 2026 चे गणपती 14 सप्टेंबरला, तेव्हा इथल्या शाळा केव्हाच सुरू झालेल्या. आंब्याच्या दिवसांत तर विचारूच नकोस. तेव्हा काकींना शब्द द्यायचाच तर जुलैचा दे, भर पावसातला.

रविवारी तुमच्या दुपारी तीनला फोन लाव. इथे उन्हाळ्यात तेव्हा साडेअकरा असतात आणि दुकानं बंद, मी घरीच. आणि स्नेहलला फोनवर बसव, मला तिच्याशी जास्त बोलायचंय.