विहिरीला पाणी टिकले, पण ते पिण्याजोगे आहे का?

प्रश्न : आमच्या गावात पाणलोटाची कामे होऊन तीन वर्षे झाली. समतल चर आणि नालाबांध यांमुळे विहिरींना आता मे महिन्यातही पाणी असते. मात्र गेल्या ऑक्टोबरमध्ये पिण्याच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 62 मिलिग्रॅम निघाले. पाणी उकळून प्यावे का? आणि हा दोष कुठून येतो, हे गावाला शोधता येईल का? (एक वाचक, जि. जालना)

उत्तर : उकळू नये. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. टीसीएल (जंतू मारणारी पावडर) टाकूनही ते कमी होत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे दूध या पाण्यात कालवून मुळीच देऊ नये, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू लागते. गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे असलेल्या घरांसाठी आजच दुसऱ्या स्रोताची सोय करावी.

अहवालातील एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. पाणी तपासणीचे काही संच नायट्रेट मोजतात, तर काही त्यातील नायट्रोजन मोजतात. 45 मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे साधारण 10 मिलिग्रॅम नायट्रोजन. या गोंधळातून नायट्रोजनचा 14 हा आकडा निर्धोक समजला जातो, आणि तो तुमच्या 62 इतकाच वाईट असतो.

आता दोषाचा माग. एका विहिरीचा एक अहवाल दोष आहे एवढेच सांगतो. कारण कळण्यासाठी माथा ते पायथा अशा पाच-सहा जागा ठरवाव्या लागतात : शेतीच्या वरची एक विहीर, मधल्या शेतातील एक, गावठाणाच्या वरच्या आणि खालच्या बाजूची प्रत्येकी एक, पिण्याची विहीर आणि शक्य असल्यास ओढ्याचे वाहते पाणी. आपल्याकडे काळ्या पाषाणात विहिरींना झरे येतात ते मुरमातून आणि खडकाच्या भेगांमधून, त्यामुळे वरच्या अंगाला जे जमिनीत मुरते ते खालच्या विहिरीत उतरते. नायट्रेट शेताखाली वाढले आणि क्लोराइड (मलमूत्र व सांडपाण्याबरोबर येणारा, मिठातला घटक) फारसे हलले नाही, तर युरियाकडे बोट जाते. दोन्ही गावठाणाखाली एकदम वाढले, तर गोठे, उकिरडे आणि संडासांचे शोषखड्डे तपासावेत. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. म्हणूनच त्याच जागांची तपासणी पुन्हा पुन्हा झाली पाहिजे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. गावानेही हेच महिने धरावेत आणि पातळी व गुणवत्ता एकाच वहीत, एकाच ओळीत लिहावी. पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतरचा एक जादा नमुना मला फार मोलाचा वाटतो, कारण उन्हाळाभर जमिनीवर साचलेले सारे त्याच वेळी खाली उतरते.

नमुना घेताना घाई करू नये. मोटार पाच-दहा मिनिटे चालू द्यावी, हाताला पाण्याचा गारवा एकसारखा लागू लागला की मग स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी, आणि बाटलीवर विहीर, तारीख व वेळ तिथेच लिहावी. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतून वेगळी मिळते. ती विसळायची नसते, काठोकाठ भरायची नसते, आणि बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोहोचवायची असते.

एक विनंती कळकळीने करतो. शेतातील वाहते पाणी गाळणखड्ड्यातून थेट कूपनलिकेत सोडून पुनर्भरण करू नये. खडी आणि वाळू गाळ अडवतात, विरघळलेले नायट्रेट अडवत नाहीत, आणि मातीतून मुरताना मिळणारी थोडीफार शुद्धीसुद्धा त्या पाण्याला मिळत नाही. पुनर्भरण करायचेच, तर छपरावरचे स्वच्छ पाणी घ्यावे. पाणलोट समित्या पाणीपातळीची नोंद मनापासून ठेवतात; तीच आस्था गुणवत्तेला मिळाली असती, तर तुमच्या गावाला 62 हा आकडा एवढ्या उशिरा कळला नसता.

प्रश्न : आमच्याकडे टीडीएस मीटर आहे. आकडा 350 येतो, म्हणजे पाणी चांगले ना? (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. ते बेताचे आहेत, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. मानकात 500 पर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह मानला आहे. पण हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते पाहून आकडा देते, त्यामुळे जंतू त्याला दिसत नाहीत आणि फ्लोराइडही वेगळे ओळखता येत नाही. तुमच्या जिल्ह्यातील काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे आणि त्याची मर्यादा अवघी 1 ते 1.5 मिलिग्रॅम आहे. 350 मध्ये ते सहज लपून जाते, म्हणून फ्लोराइडची वेगळी चाचणी करून घ्यावी. मीटर मात्र टाकून देऊ नका. दर पंधरवड्याला त्याच विहिरीचा आकडा लिहीत राहा, आणि तो अचानक चढला तर लगेच नमुना प्रयोगशाळेत पाठवा.