एक्झोम रिपोर्ट नॉर्मल आला, तरी फ्रॅजाइल एक्सची तपासणी कशाला?

तुम्ही लिहिलंय, निपाणीला दिलेल्या बहिणीचा साडेचार वर्षांचा मुलगा नीट बोलत नाही, नजर देत नाही, हात चावतो. एक्झोम, म्हणजे जनुकांतले प्रथिनाची माहिती असलेले भाग वाचणारी तपासणी, नॉर्मल आली. आता बेळगावचे डॉक्टर फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजाराची तपासणी करा म्हणतात. घरचे म्हणतात, मामाच्या घरात दिली म्हणून असं झालं.

डॉक्टरांचं बरोबर आहे. या आजारात प्रथिनाची माहिती असलेली अक्षरं बहुधा शाबूत असतात, जनुक बंद पडलेलं असतं. एक्स गुणसूत्रावरच्या एफएमआर१ जनुकाच्या सुरुवातीला सी-जी-जी ही तीन अक्षरं साधारणपणे ५ ते ४४ वेळा येतात. २०० च्या पुढे गेली की पेशी तिथे मिथाइल गट, म्हणजे जनुक बंद ठेवणारी रासायनिक खूण, चिकटवते आणि जनुकाची नक्कल निघणंच थांबतं. त्यापासून होणारं प्रथिन मेंदूत चेतापेशींच्या जोडांवर इतर प्रथिनांच्या निर्मितीला लगाम घालतं. ते नसलं की नको तेव्हा प्रथिनं तयार होत राहतात आणि शिकताना जोड पक्के-कच्चे होण्याचा मेळ बिघडतो.

एक्झोममध्ये डीएनएचे छोटे तुकडे वाचतात. एवढी लांब साखळी त्यात मोजता येत नाही, मिथाइल गट तर दिसतच नाहीत. म्हणून फॉर्मवर 'ट्रिपलेट-प्राइम्ड पीसीआर आणि मिथायलेशन' असं लिहून घ्या; पहिली तपासणी सी-जी-जीची साखळी हेरते, दुसरी मिथाइल गट दाखवते. रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, दोन-तीन मिली. हिरव्या टोपणाची नको, तिच्यातलं हेपॅरिन पीसीआर अडवतं. काढल्याबरोबर ट्यूब आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायला सांगा. गुठळी झाली तर बेंगळुरू-हैदराबादच्या लॅबमधून सॅम्पल परत येतं. गोठवून पाठवायचं नाही.

सोयरिकीचं म्हणाल, तर मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो. नवरा मामाचा मुलगा असो की परका, इथे फरक पडत नाही. बहिणीला तेवढं एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका.

जाता जाता तुम्ही लिहिलंय की तुमच्या वडिलांचा हात चहाचा कप उचलताना थरथरतो, चालताना तोल जातो. मला तेच जास्त महत्त्वाचं वाटलं. सी-जी-जीच्या ५५ ते २०० पुनरावृत्ती असल्या की जनुक बंद होत नाही, उलट त्याच्या आरएनए नकला कित्येक पट निघतात आणि त्या पेशींना बाधतात. अशा काही जणांना पन्नाशीनंतर कंप आणि तोल जाणं त्यातूनच येतं. पार्किन्सनचा कंप सहसा हात स्वस्थ असताना दिसतो, हा काही करायला गेलं की. त्यांचंही सॅम्पल भाच्याबरोबरच द्या. त्यांच्यात निघालं, तर त्यांचा एक्स सगळ्या मुलींना गेलेला असणार, तुम्ही मुलगा, म्हणून तुम्हाला मात्र नाही. पुढच्या पिढीत जाताना आकडा २०० पलीकडे वाढतो तो आईकडून. त्यामुळे दुसऱ्या बहिणींची तपासणी दिवस जाण्याआधी व्हावी. ५५ ते २०० आकडा असलेल्या काही बायकांची पाळी चाळिशीआधीच थांबते, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

बंद जनुक उघडणारं औषध आज नाही. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीला रिपोर्ट लागत नाही, ती याच आठवड्यात चालू करा.