पाणाड्याचा दावा तपासायचाय? मग कचेरीच्या नादी लागू नका

तुमचा प्रश्न वाचून जुनं दुखणं वर आलं. तुम्ही लिहिलंय की आकाशदर्शन, सूक्ष्मदर्शक, हातचलाखी, चमत्कारांचे दावे तपासणं, सगळंच आवडतं आणि घरचे म्हणतात, 'एक काय ते धर.' त्यात पाणाड्याचा, म्हणजे काठी फिरवून जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्याचा, दावा तपासायला बोअरच्या नोंदी मागितल्या, तर सरकारी कचेरीतून 'कशाला हव्यात?' म्हणून बोळवण.

घरच्यांचं सोडा. हे छंद एकमेकांच्या कामी येतात. हातचलाखी शिकलेल्याला नजर कुठे वळवली जातेय ते लवकर कळतं.

कचेरीचं मात्र सांगतो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. अर्जात प्रयोजन लिहिलं, 'पाणाड्याच्या दाव्याची पडताळणी.' झालं! आधी 'कोणत्या संस्थेकडून?', मग 'लेटरहेड आणा', मग 'हा श्रद्धेचा विषय आहे.' कागद या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी एका ओळीचं उत्तर: 'माहिती मागितलेल्या स्वरूपात उपलब्ध नाही.' तोवर चाचणीला आनंदाने तयार झालेला पाणाड्या बिथरला. कागद काय, पुढेमागे मिळालेही असते. स्वतःहून 'घ्या परीक्षा' म्हणणारा माणूस परत मिळत नाही.

आणि खरं सांगू? त्या नोंदींनी फारसं काही सिद्धही झालं नसतं. जिथे भूजल भरपूर आहे, तिथे कुठेही खोदलं तरी पाणी लागतं. कोरड्या गेलेल्या बोअरची नोंद नसेल तर लागलेल्यांचा आकडा कवडीमोलाचा. (मी भूजलतज्ज्ञ नाही, पण एवढं गणित कुणालाही जमतं.)

त्यापेक्षा झाकलेल्या दहा बादल्या घ्या, पाणी एकीतच. कुठल्या, ते दर फेरीला नव्याने चिठ्ठी काढून ठरवा. ज्याने भरली त्याने तिथे थांबायचं नाही, नाहीतर त्याचा चेहराच उत्तर सांगतो. आधी झाकण न लावता काठी फिरवू द्या आणि 'इथे मला जमतंय' असं लिहून घ्या, म्हणजे नंतर जागेला दोष नको. किती बरोबर आले तर यश, तेही आधीच ठरवा. दहा फेऱ्यांत तीन नेम बसले तर हुरळू नका. नुसत्या नशिबाने तीन किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे ७ टक्के असते.

त्याला लबाड मात्र म्हणू नका. बहुतेकांची काठी खरंच 'आपोआप' वळते, म्हणजे त्यांना तसंच वाटतं. १८५३ मध्ये मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने, भोवती बसून लोकांनी हात टेकवले की 'आपोआप फिरणाऱ्या' टेबलांवर प्रयोग केला. हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्यांची चळत ठेवली, मध्ये मऊ चिकट मिश्रणाचे ठिपके. टेबल सरकल्यावर पाहिलं तर वरचे पुठ्ठे खालच्यांपेक्षा जास्त सरकलेले. म्हणजे आधी हात हलला, मग टेबल. बसलेली माणसं प्रामाणिक होती, हात त्यांच्या नकळत ढकलत होते. मला विचाराल तर संशयवाद्याने आधी हा प्रयोग समजून घ्यावा, वाद नंतर घालावेत.

माझं मत एकांगी असेल; तुमच्याकडची कचेरी कदाचित चांगलीही निघेल. अर्ज करायचाच असेल तर फक्त खोली आणि पाण्याचं प्रमाण मागा, 'पडताळणी' हा शब्द टाळा.

जाता जाता, दुर्बिणीचं. धूळ खात पडली असेल तर रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं ते, धरा. काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, २०१९ च्या अखेरीस मंदावत गेला तेव्हा तो फरक नुसत्या डोळ्यांनाही कळत होता. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची, अंदाज लिहायचा, झोपायचं. पण कालचा आकडा बघून आजचा लिहू नका, वही उलटी ठेवा.