गाडीचा दवाखाना : कोन फिल्टर लावू का?

प्रश्न : माझ्या पेट्रोल हॅचबॅकला मित्र कोन फिल्टर लावायला सांगतोय. पिकअप वाढेल म्हणतो. लावू का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : कोन फिल्टर म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर, कंपनीच्या बंद डब्याऐवजी उघडाच बसवतात. त्यानं आवाज नक्की वाढेल. पिकअपचा भरवसा मी देणार नाही. उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच हवेत ऑक्सिजन कमी. कंपनीचा पाइप बाहेरची थंड हवा आणतो, तो काढून तुम्ही काय मिळवणार?

काहीजण पाइप खाली बंपरपाशी नेतात. थंड हवा मिळते खरी, पण २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं ते आठवा. इतक्या खाली नेलेला पाइप हवेऐवजी पाणीच ओढतो, आणि पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. चालू इंजिनात ते सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. तसं एक इंजिन मी स्वतः उघडलंय. मालकाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि आपल्याकडची धूळ! उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागून कच्च्या रस्त्याने जाता ना? फिल्टरची जाळी विरळ असेल तर ती माती सिलिंडर घासते.

हौसच असेल तर मूळ एअरबॉक्समध्ये (कंपनीच्या फिल्टरच्या डब्यात) बसणारा, धुता येणारा कापडी फिल्टर घ्या. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, फिल्टरचं तेल अगदी बेतानं लावा. जास्त झालं तर हवा मोजणारा सेन्सर खराब होतो. आधी मात्र सध्याचा कागदी फिल्टर काढून उजेडात धरा. काळा पडला असेल तर नवा टाका, मग गाडी चालवून मला कळवा.