पाव किलोतला पाव आणि बेकरीतला पाव, हा एकच शब्द आहे का?

नाही, मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त उच्चार जुळलाय. पाव किलो, पावशेर यांतला पाव संस्कृत ‘पाद’, म्हणजे चौथा हिस्सा, यावरून आला. पाऊण त्याचाच भाऊबंद: पाद ऊन, म्हणजे पाव कमी. खायचा पाव मात्र पोर्तुगिजांचा. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि मागोमाग त्यांची भट्टीतली भाकरीही किनाऱ्यावर रुजली. गोव्यात पाववाल्याला आजही पोदेर म्हणतात, तेही पोर्तुगीजच. ‘पाव’च्या मूळ पोर्तुगीज शब्दाचा शेवट नाकातून होतो, आपल्याकडे तो अनुनासिक गळाला. पोर्तुगीजमध्ये हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण नाकातून न बोलता ‘पाव’ म्हटलं की अर्थ होतो लाकूड किंवा दांडका! हीच भाकरी जपानीत गेली ती ‘पान’ होऊन.

कोकणात तिसरा पावही आहे. कोंकणी माणूस मुक्कामी पोचला की ‘पावलों’ म्हणतो आणि गाऱ्हाण्यात देवाला ‘नवसाक पाव’ अशी विनवणी होते. हे क्रियापद संस्कृत ‘प्राप्’वरून आलं, त्याचा वरच्या दोघांशी संबंध नाही.

पीठ पायाने तुडवत म्हणून पाव, किंवा लादीचे चार तुकडे करत म्हणून पाव, असं पुष्कळदा सांगितलं जातं. पायाने पीठ कुठे तुडवलं गेलंही असेल, पण नाव त्यावरून पडलेलं नाही.